उस्ताद, तुम्ही 'नाही' म्हणालात म्हणून

आदरणीय उस्ताद,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या नातीकडून वाचून घ्या. ती मराठी शाळेत जाते आणि खणखणीत वाचते, असं तुम्हीच कौतुकानं सांगितलं होतंत. पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण मराठवाड्यातल्या किती तरी गावांत जुनी चावडी, जुनी कचेरी, जुनी शाळा निर्लेखनाच्या, म्हणजे पाडून टाकायच्या, कागदावर एका सहीची वाट बघत उभी असेल. तुम्ही, एका गवंड्यानं, आमच्या गावची जुनी कचेरी कशी राखलीत ते त्या गावांनाही कळू दे.

आभार नेमके कशाकशाचे मानू, असं मनात आणलं तेव्हा पहिल्यांदा तुमचे नकारच आठवले.

त्या मे महिन्यात तुम्ही एसटीतून उतरलात, चहा नंतर म्हणालात आणि थेट कचेरीसमोर जाऊन उभे राहिलात. आमची मंडळी हिशोब मांडत होती, पाडायला किती, राखायला किती, गिलावा किती चौरस फूट. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "दुरुस्त झाल्यावर हिचं कुलूप रोज कोण काढणार?" सगळे गप्प. "बंद इमारत वटवाघळांची आणि पिंपळाची. रोज उघडणारा माणूस दाखवा, मग बोलू." मी मागे उभी होते. गावच्या वाचनालयाची पाच कपाटं तेव्हा ग्रामपंचायतीच्या जिन्याखाली होती आणि मी त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून बसत असे. मी म्हणाले, "मी काढीन." तुम्ही नुसती मान हलवलीत. त्या दिवसापासून ती इमारत मला माझी वाटायला लागली.

आमच्या औसा तालुक्यात दगडी भिंत राखा म्हणणं किती अवघड आहे, हे बाहेरच्याला कळणार नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं दमून झोपली होती आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. मी बारा वर्षांची होते. माझं आजोळ किल्लारीच्या पट्ट्यातलं. आजी घराच्या भिंतीखाली गेली. त्या एका पहाटेनं सुमारे १० हजार माणसं नेली, ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. कित्येक महिने आम्ही पत्र्याखाली झोपलो. तेव्हापासून आमच्याकडे दगडी घर म्हटलं की पोटात गोळा येतो. म्हणून ग्रामसभेत एक जण उठून "किल्लारी विसरलात का?" असं म्हणाला, तेव्हा कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. माझ्याही नाही.

तुम्ही वाद घातला नाहीत. सगळ्यांना उठवून आधी पडक्या गोठ्याकडे नेलंत. अर्धी ढासळलेली भिंत दाखवून म्हणालात, ही एक भिंत नाही, दोन आहेत. खरंच, आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे माती आणि बारीक दगडगोटे. धरणी हलली की एक पदर आत कोसळतो, एक बाहेर, आणि वरचं हातभर जाडीचं मातीचं माळवद खाली येतं. मग कचेरीच्या निखळलेल्या खिडकीपाशी नेलंत. तिथं भिंतीचा काप उघडा पडला होता. मातीच्या जागी चुना, आणि ठरावीक अंतरावर एकेक लांब दगड, या पदरातून त्या पदरात आरपार गेलेला. ज्यानं प्रश्न विचारला होता त्याचेच हात धरून तुम्ही त्या दगडाच्या दोन टोकांवर ठेवलेत, एक आतून, एक बाहेरून. तो माणूस बराच वेळ हात तसेच ठेवून उभा होता. मी आजीच्या घराच्या भिंती आठवत होते. त्यांत असा दगड कुणी घातला असता तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

आणि तरीही तुम्ही 'काही होणार नाही' असा शब्द दिला नाहीत. "मी गवंडी आहे. भूकंपाचं गणित इंजिनिअर करतील," म्हणालात. अभियांत्रिकी कॉलेजचे सर येऊन तपासून जाईपर्यंत हातात थापी घ्यायलाही तुम्ही नकार दिलात. छताखालून चारही भिंतींना बांधून घेणारी लोखंडी पट्टी त्यांनी सुचवली, ती बसली, कोपरे आवळले गेले, आणि मगच तुमचं काम सुरू झालं.

सिमेंटची गोष्ट मात्र सगळ्यांना सविस्तर सांगायला हवी. वीसेक वर्षांपूर्वी पुढच्या खोलीला सिमेंटचा गिलावा झाला होता आणि उरलेली इमारतही तशीच गुळगुळीत करून हवी, असं आमचं मागणं होतं. तुम्ही बोटाच्या पेरानं भिंत वाजवत गेलात. एका जागी आवाज पोकळ आला. तिथं छिन्नी लावलीत तर परातीएवढा पोपडा सुटून आला. बाहेर वैशाखाचं ऊन, गावाला टँकरचं पाणी, विहिरीला तळ दिसत होता. आणि त्या पोपड्यामागचा काळा दगड ओला होता. तुम्ही माझा तळवा त्यावर टेकवलात. तो गारठा अजून हाताला आठवतो. पायातून चढणारी ओल चुन्यातून हळूहळू बाहेर पडते, सिमेंट तिला आतच कोंडतं, मग लोणा, म्हणजे खाराचा पांढरा थर, धरतो, पोपडे सुटतात, तुळईची भिंतीतली टोकं कुजतात. त्याच खोलीत ठेवलेली आमची दोन कपाटं पुस्तकं बुरशीनं गेली होती आणि आम्ही वर्षानुवर्षं पावसाला दोष देत होतो. "सिमेंट करायचं असेल तर दुसरा माणूस बघा," म्हणून तुम्ही पिशवी उचललीत. आमच्याच सरपंचबाईंनी ती तुमच्या हातातून परत घेतली, म्हणून पुढचं सगळं घडलं.

निधी मार्चअखेर खर्ची पडायला हवा होता, त्यावरही तुम्ही हलला नाहीत. उन्हाळ्यात चुना लावला तर मुरायच्या आधीच वाळून भुगा होतो, हे एकदा पटल्यावर आम्हीच वाट काढली. लाकूड आणि लोखंड मार्चच्या आत, गिलाव्याचा खर्च लोकवर्गणीतून. पाऊस सुरू झाल्यावर टाकीत कळीचा चुना टाकलात. पाणी रटरटा उकळलं तेव्हा शाळेतली पोरं किंचाळत मागे पळाली आणि लगेच पुढे आली. तो चुना दसऱ्यापर्यंत पाण्याखाली तसाच होता.

आणि चुना मळायच्या घाणीचं चाक! लिंबाखालच्या त्या गोल दगडावर आमच्या गावाच्या तीन पिढ्या बसल्या. मी शाळेत असताना त्यावर बसून बोरं खाल्ली आहेत. तुम्ही वाकून त्याच्या मधल्या भोकात बोटं फिरवलीत, कडेची झीज चाचपलीत आणि म्हणालात, "याच्यानंच ही कचेरी बांधली." निजामाच्या अमदानीत इमारत उभी राहिली तेव्हा चुना मळणारं चाक इथंच सोडून दिलेलं, आणि आम्हाला पत्ता नाही. चर खणून, दगड लावून तुम्ही घाणी पुन्हा मांडलीत. एका शेतकऱ्यानं बैलजोडी दिली. चुना, वाळू, विटांची सुरखी म्हणजे भुकटी, त्यात गुळाचं आणि बेलफळाचं भिजवलेलं पाणी. गूळ आमच्याच भागातला, बेलफळं महादेवाच्या देवळामागची. चाक पहिल्यांदा फिरलं आणि दगडावर दगड घासल्याचा तो जड आवाज निघाला, तेव्हा म्हातारी माणसं घराबाहेर आली. बचत गटाच्या बाया तुमच्याकडून घोटाई शिकल्या. दिवसभर गोट्यानं भिंत घोटून हात सुजायचे, पण संध्याकाळी त्या भिंतीवर गाल टेकवून बघायच्या.

आता तिथं काय चालतं ते ऐका. सकाळी सहापासून अभ्यासिका, स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी. पूर्वी त्यांना रोज तालुक्याला जावं लागायचं. दुपारी बचत गटाची बैठक, ठरल्या दिवशी आरोग्य तपासणी, संध्याकाळी वाचनालय. मोठ्या दालनात कमानींना खिळे मारून प्लायवूडच्या खोल्या पाडायचा आमचा हट्ट तुम्ही मोडून काढलात, हे किती बरं झालं! कमरेएवढी, चाकांची कपाटं सरकवली की अभ्यासिका मोकळी होते आणि त्याच जागेत ५० माणसांची सभा बसते. वायर भिंती न खोदता तुळईच्या कडेनं नेल्या, स्वच्छतागृह बाहेर वेगळं बांधलं, बाजूला उतार केला. पायऱ्या न चढता येणारी माणसंही आता आत येतात.

एका आजींचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. शेतसारा थकला की कचेरीसमोर माणसं उन्हात उभी करायचे, असं त्यांनी लहानपणी ऐकलेलं. म्हणून आयुष्यभर त्या इमारतीच्या ओट्यावर चढल्या नव्हत्या. आता बीपी तपासायला येतात आणि तपासून झालं तरी तासभर बसतात. "आत गार वाटतं," एवढंच म्हणतात. निजामाच्या राज्यात वाचनालय काढायलाही परवानगी लागायची. त्याच कचेरीत आज मराठी पुस्तकांची कपाटं उभी आहेत, हे बघून मला दर वेळी भरून येतं.

यंदा १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन कचेरीच्या ओट्यावर झालं. तुम्ही दुसऱ्या कामावर होतात, येऊ शकला नाहीत. तुमची खुर्ची आम्ही पुढच्या रांगेत ठेवली होती आणि शेवटपर्यंत तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही. हुरड्याच्या दिवसांत नक्की या. नातीलाही आणा, तिच्यासाठी पुस्तकं काढून ठेवली आहेत.

कुलूप रोज मीच काढते. आधी ईशान्येच्या कोपऱ्यात जाते. १९९३ च्या भेगेवर तुम्ही काचेची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहिलीत आणि मला बजावलंत, "भिंत हलली तर ही आधी फुटेल, रोज बघत जा." रोज बघते, उस्ताद. पाऊसकाळ गेला, पट्टी अजून अखंड आहे.

तुमची,
गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल