वाळवंटातील छायाचित्रे आणि त्यांखालची नावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की आपल्या वृत्तपत्राच्या पर्यटन पुरवणीत राजस्थानची छायाचित्रे नेमाने येतात. मावळतीच्या उन्हात उंटांची रांग, वाळूवरच्या लाटा, लाल पागोटे बांधलेला एखादा सुरकुतलेला चेहरा. ती देखणी असतात आणि त्यांबद्दल माझी तक्रार नाही. परंतु याच थरच्या वाळवंटाने एका भारतीय छायाचित्रकर्तीची अवघी कलादृष्टी कशी घडवली आणि त्या दृष्टीचा धागा आपल्या पालघर जिल्ह्यातील जव्हार-डहाणूपर्यंत कसा आला, याविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही. चित्रकला शिकवण्यात आयुष्य गेलेला एक वाचक या नात्याने त्याबद्दल थोडे लिहावेसे वाटले.

गौरी गिल यांचा जन्म १९७०चा, चंदीगडचा. दिल्ली व न्यूयॉर्क येथे कलाशिक्षण घेऊन त्या दिल्लीत एका इंग्रजी साप्ताहिकासाठी छायाचित्रे काढत होत्या. १९९९ मध्ये राजस्थानातील एका खेड्यातल्या शाळेत शिक्षक एका मुलीला मारत असल्याचे त्यांनी पाहिले, आणि खेड्यांतील शाळांवर एक छायाचित्रमालिका करावी असा प्रस्ताव त्यांनी साप्ताहिकापुढे ठेवला. त्यात ताजी बातमी नसल्याने तो मान्य झाला नाही. तेव्हा त्या रजा टाकून स्वतःच तिकडे गेल्या आणि पुढे वर्षानुवर्षे जातच राहिल्या. ‘नोट्स फ्रॉम द डेझर्ट’ या नावाने ओळखला जाणारा त्यांचा संग्रह असा जमत गेला आणि त्यालाच २०२३ मध्ये प्री पिक्ते हा छायाचित्रणातील मानाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या संग्रहात वाळवंट शोधू जाणाऱ्याला टेकड्यांची कमनीय वळणे जवळजवळ सापडत नाहीत. थर हे जगातील दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे, त्यामुळे तिथे वाळू ही आधी घरची जमीन आणि मगच निसर्गदृश्य. बिकानेर आणि बाडमेरकडच्या जोगी, बिश्नोई व मुस्लिम कुटुंबांत गिल यांचा वावर वाढला तसतसे त्यांच्या चौकटीत दुष्काळ, मलेरिया, क्षय, सावकारी, बालविवाह, बाळंतपणे आणि मरणे येत गेली. त्याच चौकटींत शेजारणींच्या गप्पाही आहेत आणि मुलींचा हूडपणाही. भरघोस पावसाच्या एका वर्षी बाडमेरचे काश्मीर झाल्याची नोंदही त्यांनी केली आहे. थरमध्ये पाऊस हा नेहमीच वरदान ठरतो असे मात्र नाही. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातील कवास परिसर बुडाला तेव्हा वाळूखालच्या जिप्समच्या थरामुळे पाणी जमिनीत मुरले नाही आणि कित्येक आठवडे तळ्यासारखे साचून राहिले. चार दिवसांच्या मुक्कामात वाळवंट टिपणाऱ्याच्या हाती ही उलथापालथ लागणे अवघडच.

या संग्रहातील दोन मालिकांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पहिली बाळंतपणाची, २००५ मधली. एका आडगावातील वृद्ध दाईने स्वतःच्या नातीचा जन्म कॅमेऱ्यात नोंदवावा म्हणून गिल यांना आपण होऊन बोलावले. दाईचे ते हात, प्रसववेदना सोसणारी आई आणि जगात येणारे मूल हे सारे त्या छायाचित्रांत इतक्या जवळून दिसते की पाहणारा क्षणभर संकोचतो, परंतु आपले काम जगाने पाहावे ही इच्छा त्या दाईची स्वतःची होती हे कळले की संकोचाची जागा आदर घेतो. दुसरी मालिका कबरींची. बिश्नोई आणि जोगी हे दोन्ही समाज आपल्याकडच्या नाथपंथीयांप्रमाणे प्रेत पुरतात. तिथल्या गरिबांच्या कबरींवर संगमरवर कुठला असायला; रचून ठेवलेले दगड, फुटक्या मडक्याची खापरे, क्वचित कोणी हाताने कोरलेले नाव, एवढीच खूण. वारा-वाळूत तीही किती काळ टिकणार? ही कृष्णधवल छायाचित्रे पाहताना वाळवंट आणि माणूस यांच्यातील सीमारेषा कुठे आहे हे सांगणे कठीण होते.

रंगांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. जयपूरला जन्मलेले थोर छायाचित्रकार रघुबीर सिंह यांनी रंग हाच भारतीय दृष्टीचा पाया मानला आणि त्यांचे १९८१ मधील राजस्थानवरचे पुस्तकही त्याच निष्ठेने केलेले आहे. त्यांची भूमिका मला मनापासून पटते. तरीही त्यांच्यानंतर राजस्थानच्या रंगांचा जो बाजार मांडला गेला, तो पाहता गिल यांनी याच प्रदेशात रंग बहुतांशी बाजूला ठेवणे मला योग्य वाटते. ओढणी लाल आहे की पिवळी हे कळत नाही, तेव्हा नजर निमूटपणे चेहऱ्याकडे वळते.

माझ्या मते त्यांच्या वाटचालीतील कळीचे वळण २००३चे. त्या वर्षी बिकानेर जिल्ह्यातील लूणकरणसर येथे ‘उरमूल सेतू संस्थान’ या संस्थेने बालिका मेळा भरवला. सत्तरेक गावांतून जवळपास दीड हजार मुली तिथे आल्या होत्या. गिल यांनी मेळ्यात फोटोचे दुकान थाटले. पडदे आणि किरकोळ सामान गावातल्याच फोटो स्टुडिओतून व कापडाच्या दुकानातून मिळाले तेवढे आणले, आणि कोणी कोणाबरोबर, कसे उभे राहायचे हे बरेचसे मुलींवरच सोपवले. जिवलग मैत्रिणी आल्या, बहिणी आल्या, शेपटासारखा मागे लागलेला एखादा धाकटा भाऊ आला, सबंध वर्गच्या वर्ग बाईंसकट आला. छायाचित्राची प्रत हवी असेल तिला ती खर्चापुरत्या किमतीत मिळे. आपल्याकडच्या जत्रांमध्ये चंद्रकोरीवर बसून फोटो काढून घेतलेल्या पिढीला हा प्रकार अपरिचित नाही, पण इथे एका कसलेल्या कलावंताने चौकटीतला अधिकार समोरच्याच्या हाती दिला होता. त्या मुली कॅमेऱ्याकडे रोखून बघतात. त्यांतल्या काहींनी पुढे छायाचित्रण शिकून घेतले आणि एकीने तर स्वतःचा स्टुडिओ काढला.

शहरी कलावंताने खेड्यातील गरिबी टिपायची आणि ती परदेशी दालनांत टांगायची, हा आक्षेप गिल यांच्याही कामावर घेता येईल आणि तो सर्वस्वी खोडून काढणे मला जमणार नाही. दालनात लागलेल्या प्रतीची किंमत आणि मेळ्यात विकलेल्या प्रतीची किंमत यांत महदंतर असते हे उघड आहे. तथापि, वाळवंटात अंगवळणी पडलेली ही सहकाराची रीत त्यांनी पुढे सोडली नाही, आणि इथेच महाराष्ट्राचा संबंध येतो. २०१३ पासून डहाणू तालुक्यातील गंजाड येथील वारली चित्रकार राजेश वांगड यांच्यासमवेत त्यांनी केलेल्या कामात छायाचित्र गिल यांचे असते आणि त्यावर वांगड आपल्या रेषेने गावाच्या स्मृती व कथा चितारतात. कृतीवर नाव दोघांचेही असते. २०१५ पासून त्यांनी जव्हारच्या मुखवटेकारांबरोबर काम सुरू केले. सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे बंधू व त्यांचे कोकणा-वारली सहकारी बोहाडा या मुखवट्यांच्या पारंपरिक उत्सवातील देव-दानवांच्या सोंगांसाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे घडवतात. त्यांनी या वेळी देवांऐवजी चालू काळातली माणसे, प्राणी आणि नित्याच्या वस्तू यांचे मुखवटे केले, ते चढवून गावकऱ्यांनी आपल्याच दैनंदिन जीवनातील प्रसंग उभे केले आणि गिल यांनी ते रंगीत छायाचित्रांत टिपले. वाळवंटात बहुतांशी बाजूला ठेवलेला रंग जव्हारमध्ये त्यांनी मोकळ्या मनाने येऊ दिला, कारण तो मुखवटेकारांनी स्वतः निवडलेला होता. ही मालिका २०१७ मध्ये ‘डॉक्युमेंटा’ या आंतरराष्ट्रीय कला-महाप्रदर्शनात आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मोमा पीएस वन’ या कलादालनात लागली. जव्हारहून तीन-साडेतीन तासांवरच्या मुंबईत तिची चर्चा किती झाली, हे आपण जाणताच.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडे एक निश्चित मागणी आहे. बोहाड्याच्या दिवसांत वृत्तपत्रांतून सोंगांची छायाचित्रे छापली जातात. त्यांखाली छायाचित्रकाराचे नाव कधी असते, कधी नसते, आणि मुखवटा घडवणाऱ्याचे तर मी आजवर पाहिलेले नाही. ‘पारंपरिक वेशातील आदिवासी बांधव’ किंवा ‘राजस्थानी महिला’ अशा ओळीवर भागवले जाते. वार्ताहराने जागेवरच दोन नावे विचारून घेतली तर त्याला पाच मिनिटेही लागणार नाहीत आणि छपाईच्या जागेत फार तर एक ओळ वाढेल. ज्यांना आपले नाव छापले जाऊ नये असे वाटत असेल, त्यांची इच्छा अर्थातच पाळावी. मात्र तेही त्यांना विचारल्यावरच कळेल. येत्या हंगामापासून आपल्या वृत्तपत्राने हा प्रघात पाडावा, आणि सवड काढून जव्हार व गंजाडच्या कलावंतांवर रविवारच्या अंकात एखादे पान द्यावे, ही विनंती. त्या पानावरची छायाचित्रे कोणती असावीत हे त्यांनाच ठरवू द्यावे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, पालघर