ब्रेकबीट चालता ठेवल्याबद्दल आभार : नाइटफोर्सचे लुना-सी यांस

प्रति,
श्री. ख्रिस हॉवेल ऊर्फ लुना-सी,
नाइटफोर्स रेकॉर्ड्स, इंग्लंड

स. न. वि. वि.

आपल्या लेबलवरून, म्हणजे रेकॉर्डी काढणाऱ्या संस्थेकडून, गेल्या काही वर्षांत निघालेल्या रेव्ह संगीताच्या नव्या रेकॉर्डींबद्दल आपले मनापासून आभार मानावेत, यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते मराठीत आणि जाहीरपणे लिहितो आहे, कारण रेव्ह म्हटले की महाराष्ट्रातल्या वाचकासमोर फार्महाऊसवर पडलेल्या पोलिसी छाप्याची बातमी उभी राहते. त्या नावाचे एक संगीत आहे, त्याचे स्वतःचे व्याकरण आहे आणि ते सांभाळत कोणीतरी तीस वर्षांहून अधिक काळ खपते आहे, हे त्याच्या कानावर क्वचितच येते.

मी पुण्याचा. गणेशोत्सवात ताशा वाजवतो, आणि आपल्या संगीताकडे ओढला गेलो तो त्यातल्या ड्रममुळेच. द विन्स्टन्स या अमेरिकी वाद्यवृंदाच्या १९६९ सालच्या एका रेकॉर्डीच्या मागच्या बाजूवर ग्रेगरी कोलमन यांनी चार आवर्तने एकट्याने वाजवली. ती जेमतेम सात सेकंदांची आहेत. पहिली दोन आवर्तने सरळ जातात, तिसऱ्यात स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचा शेवटचा आघात किंचित मागे सरकतो, चौथ्यात पहिली मात्रा रिकामी सुटते आणि झांज अपेक्षेपेक्षा आधी कोसळते. ज्याने मिरवणुकीत ताशावर जागा सोडून हात उचलला आहे, त्याला ती रिकामी मात्रा काय करते हे वेगळे सांगावे लागत नाही. गाण्यात बाकी वाद्ये थांबून एकटा ड्रम वाजतो त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात; अॅमेन ब्रेक म्हणून जगभर गेलेल्या या सात सेकंदांच्या वापरासाठी कोलमन यांना रॉयल्टीपोटी काहीही मिळाले नाही आणि २००६ साली ते गेले, हेही या संगीतावर प्रेम करणाऱ्याने लक्षात ठेवले पाहिजे.

इंग्लंडमध्ये १९९१-९२च्या सुमारास घरोघरच्या खोल्यांमध्ये या ब्रेकचे जे झाले, ते मला आपल्या लेबलच्या जुन्या आणि नव्या रेकॉर्डी आलटूनपालटून ऐकल्यावरच नीट उमगले. अकाई एस-९५० या सॅम्पलरची, म्हणजे आवाजाचे तुकडे उचलून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्राची, स्मृती पूर्ण वाढवूनही सव्वादोन मेगाबाइटच्या पुढे जात नसे. म्हणून मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ फेऱ्यांच्या वेगावर लावून आवाज उचलायचा आणि यंत्रात पुन्हा संथ करायचा, अशी काटकसर लोक करीत. ब्रेकचा वेग वाढवला की त्याचा सूरही चढे, गाणाऱ्या बाईचा आवाज वेगाबरोबर बारीक आणि उतावीळ होई, आणि हीच अडचण पुढे त्या संगीताची ओळख ठरली. आज संगणकावर वेग आणि सूर सहज वेगळे करता येतात. तरीही आपल्या नव्या रेकॉर्डींवर तो चढलेला आवाज मुद्दाम ठेवलेला ऐकू येतो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. तो काढला तर गाण्यातली ती धापच निघून जाईल.

आपल्या निर्णयांपैकी सर्वांत मोठा मला हा वाटतो. स्मार्ट ई’ज या त्रयीतून १९९२ साली आपण मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या शीर्षकसंगीतावर बेतलेल्या गाण्यासह ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला होता. त्या यशाचा माग काढत जाणे सोपे होते. आपण त्याच सुमारास स्वतःचे छोटे लेबल काढले. पुढच्याच वर्षी हार्डकोर या वेगवान रेव्ह संगीताची वाट फुटली. अंधाऱ्या बासकडे, म्हणजे खर्जातल्या सुरांकडे, वळलेले लोक जंगल या शैलीकडे गेले, पियानो आणि उल्हास धरून राहिलेल्यांचे संगीत हॅपी हार्डकोर म्हणवले जाऊ लागले. १९९४ साली ब्रिटिश संसदेने फौजदारी न्याय कायद्यात ‘पुनरावृत्त होणाऱ्या तालां’चा उल्लेख करून उघड्यावरच्या रेव्हवर निर्बंध आणले, त्याने मैदानांवरच्या मोकळ्या मेळाव्यांना चाप बसला. परंतु ब्रेकबीटला खरा धोका आला तो घरातूनच. १९९५-९६पर्यंत हॅपी हार्डकोरमधल्या पुष्कळ निर्मात्यांनी ब्रेक बाजूला सारून प्रत्येक मात्रेवर पडणारा सरळ किक ड्रम, म्हणजे खर्जातला मोठा ड्रम, तेवढा ठेवला. नाचायला तो सोपा असेल, पण त्यात रिकामी मात्रा उरत नाही. आपल्या लेबलने पियानोही सोडला नाही आणि ब्रेकही सोडला नाही, आणि हे दोन्ही एकत्र नांदू शकतात हे दाखवणाऱ्या रेकॉर्डी मोजक्याच लोकांनी काढल्या.

त्यानंतर नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात लेबल थांबले, पुढे ‘नाइटफोर्स अगेन’ या नावाने ते आपण पुन्हा उभे केले, आणि आता जुन्या रेकॉर्डींच्या पुनर्मुद्रणाबरोबर नव्या रेकॉर्डीही विनाइलवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या तबकड्यांवर, निघत आहेत. या शेवटच्या गोष्टीसाठी मी आपला विशेष ऋणी आहे. केवळ जुनेच पुन्हा छापले असते तर माझ्यासारख्याला, जो ना त्या देशात होता ना त्या काळात, ते संगीत कायम दुसऱ्याच्या तारुण्याची आठवण म्हणून ऐकावे लागले असते. नव्या रेकॉर्डींमुळे ते आजचे काम ठरते. त्यात उणेअधिक असणारच, आणि काही ट्रॅक १९९२च्या खुणा फार इमानाने गिरवतात असे मला वाटते: तोच व्हॅक्यूम क्लीनरसारखा घोंघावणारा ‘हूवर’ आवाज, तोच पियानोचा चढता तुकडा, तीच मध्यंतरीची शांतता. मला अधिक आवडतात ते ट्रॅक ज्यांत निर्माता साहित्य जुनेच घेतो पण ब्रेकचे तुकडे अशा रीतीने फिरवतो, की त्या काळच्या यंत्रावर इतक्या बारकाईने कापायला कोणी धजावले नसते. असे ट्रॅक मी हेडफोन लावून, वेग निम्म्यावर आणून, हाताने मात्रा मोजत ऐकले आहेत. ब्रेक कुठे कापावा, कोणता हलका आघात जपावा आणि कोणता पुसावा, हे मला कोणत्याही वर्गात शिकवले गेले नाही. ते या रेकॉर्डींनी शिकवले.

परदेशातून विनाइल मागवणे येथे खर्चिक पडते. टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून कित्येकदा रेकॉर्डीपेक्षा अधिक होते. त्यामुळे हेच संगीत डिजिटल स्वरूपात विकत घेता येते, ही माझ्यासाठी मोठी सोय आहे, आणि कपाटात मोजकीच विनाइल असली तरी लेबलशी माझे नाते तुटलेले नाही.

ताशाचे बोल आणि अॅमेन ब्रेक एकत्र बसवण्याचा माझा एक ट्रॅक अपुरा आहे. सरळ चालीत दोन्ही जुळतात, पण तिसऱ्या आवर्तनात ताशा त्या मागे सरकलेल्या आघाताला ढकलून देतो, आणि तेवढे अजून सुटलेले नाही. ते सुटले की ट्रॅक आपल्याकडे पाठवीन. रेकॉर्ड काढावी अशी अपेक्षा नाही, आपण एकदा ऐकावा एवढीच इच्छा आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला कृतज्ञ,
पुण्यातील एक ताशावादक