तळ हलवण्याआधी

मा. संपादक,
महोदय,

नक्षलवाद संपवण्यासाठी केंद्राने 31 मार्च 2026 ही मुदत जाहीर केल्यापासून गडचिरोलीतील केंद्रीय राखीव पोलीस दलाचे तळ आणखी किती काळ ठेवावेत, यावर नागपुरात बरीच चर्चा ऐकू येते. राज्याच्या नक्षलविरोधी अभियानाचे कार्यालयच येथे असल्याने ते स्वाभाविकही आहे. काहींच्या मते मोहीम फत्ते झाली, आता तळ हलवावेत. इतरांच्या मते तारीख ठरवली की बंडखोर दबा धरून बसतात, म्हणून तारीखच नको. या वादात दलांचा विचार होतो, पण दलांच्या भरवशावर ज्यांनी उघडपणे बाजू बदलली त्यांचा होत नाही.

इराकचे उदाहरण यासाठी पाहावे. अन्बार प्रांतातील सुन्नी टोळ्या 2006 पासून अल कायदाविरुद्ध उभ्या राहिल्या आणि 2008 पर्यंत सुमारे 1 लाख स्थानिक लोक अमेरिकेच्या पगारावर चौक्या सांभाळत होते. 2007 मध्ये पाठवलेल्या जादा सैन्याचे यश म्हणून जे मिरवले गेले, त्यात या लोकांचा वाटा मोठा होता. पुढे त्यांचा पगार बगदाद सरकारकडे सोपवण्यात आला आणि पाचातल्या एकाला सुरक्षा दलात, उरलेल्यांना इतर कामात घेण्याचे ठरले. प्रत्यक्षात पगार रखडले, नोकऱ्या फारच थोड्यांना मिळाल्या, काही म्होरक्यांना अटकही झाली. डिसेंबर 2011 मध्ये अमेरिकी सैन्य निघून गेले. जानेवारी 2014 मध्ये फालुजा आणि जूनमध्ये मोसुल इस्लामिक स्टेटच्या हाती पडले. पराभवाला इतरही कारणे होती, हे मान्य. तरी ज्यांनी एकदा अन्बार सावरला होता, त्यातील अनेकांना पुन्हा सरकारसाठी लढण्याचे कारण उरले नव्हते. श्रीलंकेत आपल्या शांतिसेनेने जाता जाता उभी केलेली तमिळ नॅशनल आर्मीही मार्च 1990 च्या माघारीच्या सुमारास एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेपुढे टिकली नाही.

मिझोराममध्ये मात्र 30 जून 1986 च्या करारानंतर बंडखोरांचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले, त्यांच्या लोकांनी शस्त्रे ठेवली आणि त्यांचा पक्ष आजवर निवडणुका लढवतो आहे. दिलेला शब्द पाळला जातो, हे तेथे लोकांना दिसले.

इराक परका देश होता आणि गडचिरोली आपलाच जिल्हा आहे, हा फरक मोठाच. पण शब्द देणारे गेल्यावर तो पाळायचा कोणी, हा प्रश्न येथेही आहे, कारण केंद्रीय दलाची तुकडी दुसऱ्या राज्यात जाते आणि अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. राज्याची आत्मसमर्पण योजना 2005 पासून चालू आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने 60 साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली, तेव्हा त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली. ज्यांची छायाचित्रे छापली जात नाहीत अशा ग्रामसभांनी नक्षलवाद्यांना गावबंदीचे ठराव केले, तेही ‘पोलिसांचा खबऱ्या’ एवढ्या संशयावरून माणसे मारली जात असलेल्या मुलखात. 1990 साली उभारलेले गडचिरोली पोलिसांचे नक्षलविरोधी सी-60 पथक राहीलच. पण त्यातले जवानही याच जिल्ह्याचे आहेत, त्यांची घरेही याच गावांत आहेत.

म्हणून एखादा तळ हलवण्याचा आदेश निघेल, तेव्हा त्या हद्दीतील गावबंदीच्या गावांची आणि आत्मसमर्पित कुटुंबांची जबाबदारी कोणत्या पदावरील अधिकाऱ्याकडे जाते, घरकुल, जमीन व रोजगार यांपैकी त्यांना काय द्यायचे राहिले आहे, याची नोंद त्या आदेशातच असावी. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, मोर्चे आणि गोंधळातून वेळ उरलाच तर, गृह विभागाने तिचा गावनिहाय हिशेब दर वर्षी सभागृहापुढे ठेवावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर