मनूला, सीट मिळाल्यावर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

युरॉलॉजीची, म्हणजे मूत्रमार्गाच्या डॉक्टरकीची, सीट मिळाल्याचं तू फोनवर सांगितलंस आणि लगेच म्हणालीस, "खारघरच्या प्रयोगशाळेत अंडाशयाच्या कॅन्सरवर घालवलेली वर्षं फुकट गेली गं." फोनवर तू कायम घाईत, म्हणून लिहिते. मोठ्या आत्यांनी तर विचारलंच, "बायकांचं सोडून ही पुरुषांच्या डॉक्टरकीत कुठे निघाली?" त्यांना चहा दिला आणि विषय बदलला. तुला तसं टाळता येणार नाही.

माझी सगळी नोकरी परळला केमोच्या वॉर्डात झाली. सिस्प्लाटिन हे केमोचं औषध लावायचं म्हणजे आधी सलाईन चढवायचं, लघवी वाढवणारं मॅनिटॉल द्यायचं आणि झालेली लघवी मापून तक्त्यावर लिहायची. लघवी कमी भरली की औषध हातात तयार असलं तरी लावायचं नाही, आधी रेसिडेंटला बोलवायचं. आजार अंडाशयाचा आणि आमचे डोळे मूत्रपिंडावर. पुढे कार्बोप्लाटिन आलं, ते मूत्रपिंडाला पुष्कळ सौम्य. पण त्याचा डोसही मूत्रपिंडालाच विचारून ठरतो. 1989 साली कॅल्व्हर्टने दिलेलं सूत्र तुला पाठ असेल: जीएफआरमध्ये, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगात, 25 मिळवायचे आणि हव्या त्या एयूसीने, म्हणजे रक्तात औषध एकूण किती राहावं त्या आकड्याने, गुणायचं. बाईची उंची-वजन बघून भागत नाही, तिची गाळणी किती चालते ते बघावं लागतं. हे तू प्रयोगशाळेत शिकलीस, मी क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीच्या, रिपोर्टची वाट बघत शिकले.

त्या सिस्प्लाटिनचा जन्म तर कॅन्सरच्या खोलीत झालाच नाही. मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग हा भौतिकशास्त्राचा माणूस विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते बघत होता. जिवाणू दुभंगायचे थांबले आणि लांबच लांब धाग्यांसारखे वाढले. विजेने नव्हे, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या संयुगाने. हे 1965 साली छापून आलं, आणि 1978 मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली ती वृषणाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरसाठी. वृषण तुम्हा युरॉलॉजीवाल्यांचं, अंडाशय बायकांच्या डॉक्टरांचं, औषध एकच! आत्यांना हे सांगायचा मोह मला झाला होता, पण समोर आजोबा बसले होते.

ओलापॅरिब या कॅन्सरच्या गोळीचंही तसंच. घराण्यात उतरणारं बीआरसीए जनुक बिघडलेली पेशी आपला तुटलेला डीएनए नीट सांधू शकत नाही. ओलापॅरिब तिची दुरुस्तीची दुसरी वाटही अडवतं. 2014 मध्ये ते अंडाशयासाठी आलं, 2020 मध्ये प्रोस्टेटसाठी. म्हणजे तुझ्या ओपीडीत येणाऱ्या प्रोस्टेटच्या आजोबांना "तुमच्या आईला, बहिणीला, मावशीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता का?" हे तू आपसूक विचारशील. खारघरला घालवलेली वर्षं तिथे बोलतील.

पण मला सांगायचंय ते निराळंच. वॉर्डात येणाऱ्या बायकांना मी विचारायचे, पहिल्यांदा काय झालं? बऱ्याच जणी सांगायच्या, पोट फुगायचं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं व्हायचं, सारखी लघवीला लागायची. फुगलेल्या पोटाला गॅसची गोळी, लघवीला इन्फेक्शनची गोळी. गावच्या बायका तर लघवीचं बोलायलाच तयार नसायच्या, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत सोबत राहणाऱ्या बायकांशी ओळख झाल्यावर हळूहळू बोलायच्या. पोटात पाणी झाल्यावरच त्या आमच्यापर्यंत पोचायच्या.

तपासणी करून आधीच पकडावं, तर तेही जमलेलं नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर सीए-125 ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यांची मोठी चाचणी झाली. 2021 साली तिचा शेवटचा निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. त्यामुळे बाई काय सांगते हे नीट ऐकणं, यालाच अजून तरी मोल आहे. आणि सारखी लघवी होते म्हणणारी बाई कोणाच्या दारात जाईल? तुझ्या. लघवीचं कल्चर निगेटिव्ह, म्हणजे जंतू सापडले नाहीत, असं असूनही तक्रार चालू असली, वय पन्नाशीच्या पुढचं असलं, तर तिला तिसऱ्यांदा अँटिबायोटिक लिहून देऊ नकोस. पोटाला हात लाव, ओटीपोटाची सोनोग्राफी सांग. गाठीने मूत्रवाहिनी दाबली गेली की ती उघडी ठेवणारी नळी, डीजे स्टेंट, टाकायला तुम्हाला बोलावतातच, पण त्या आधी बोलावणं यावं असं मला वाटतं. संशोधन करायचंच असेल तर याच बायकांवर कर. तुमच्या ओपीडीतून पुढे किती जणी कॅन्सर निघून आमच्याकडे आल्या, याची नोंद मी तरी कुठल्या वॉर्डात पाहिली नाही.

बाबांना ही युरॉलॉजी काय ते अजून नीट कळलेलं नाही, पण सोसायटीत पेढे वाटून झाले. हॉस्टेलवर गादी मिळते का ते कळव, नाहीतर मी पाठवते.

तुझी,
आई

ता. क. मामा रात्री वरचेवर उठतो आणि वयावर ढकलतो. माझं ऐकत नाही. तू फोन करून प्रोस्टेट दाखवून घ्यायला सांग, आणि जरा दरडावूनच सांग.