आगळात मीठ आधीच असतं

संपादक महाशय,

उन्हाळ्यात घाम जातो म्हणून मीठ जास्त हवं, हा समज किनारपट्टीवर पक्का आहे. दिवसभर होडीवर राबणाऱ्याचं एक वेळ ठीक. पंख्याखाली बसणाऱ्या रक्तदाबवाल्याला तो लागू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा सपाट चमचाही नको. चौघांच्या घरात महिन्याला किलोची पिशवी संपत असेल, तर माणशी रोज आठ ग्रॅम झालेच. लोणचं, पापड, सुकी मासळी वेगळी!

खारा बांगडा अर्धा तास पाण्यात ठेवा, पाणी दोनदा बदला आणि कालवणात वरून मीठ घालू नका. मीठ बरंच उतरतं, सगळं नाही. कोकम आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ असतंच, तरी सोलकढीत सवयीने चिमूट पडते. सैंधवही शेवटी सोडियमच.

भरपूर पाणी प्यायलं की मीठ 'धुऊन जातं' हेही चूक. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं, दाब चढतो. पायांवर सूज असलेल्या हृदय-मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर पाणीही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच घ्यावं. 'कमी सोडियम' मिठात बहुधा पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाबाची टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर ते रक्तात साठू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

– एक डॉक्टर, मालवण