पालकांनी लक्ष द्यावे

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस

सप्रेम नमस्कार.

वरची ओळ माझी नाही, शाळेच्या डायरीतली आहे. माझा मुलगा तिसरीत आहे आणि जूनपासून त्याच्या डायरीत हे वाक्य लाल शाईत सात वेळा आलंय. गणिताची वही विसरला, पालकांनी लक्ष द्यावे. अक्षर गिचमिड, पालकांनी लक्ष द्यावे. प्रकल्प अपूर्ण, पालकांनी लक्ष द्यावे. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहे. कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, पडला तर सुपरवायझर मला विचारतो, माझ्या वडिलांना फोन करत नाही.

मध्यंतरी सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला घरी आलो तर स्वयंपाकघरातला दिवा चालू. बायको फरशीवर बसून कार्डशीटला मटकी चिकटवत होती. पावणेदहाला ग्रुपवर मेसेज आला होता, उद्या येताना पाच कडधान्यांचा तक्ता आणणे. मटकी, मसूर, चवळी घरात होती. वाटाणे शेजारच्या वहिनींनी दिले. पाचवं काही मिळेना म्हणून शेंगदाणे चालवून घेतले. ज्याचा तक्ता तो आत गाढ झोपलेला. माझी आई कडेला बसून बघत होती. म्हणाली, "खायचं धान्य कागदाला चिकटवायचं, आणि ह्याला शिक्षान म्हणायचं व्हय?" दुसऱ्या दिवशी तक्त्याला स्टार मिळाला. आमच्या बायकोला मिळाला, खरं.

त्याच पोरानं या दिवाळीत गल्लीतल्या चौघांना घेऊन पन्हाळा केला. माती त्यांनी आणली, दगड त्यांनी गोळा केले, किलतान, म्हणजे गोणपाट, चिखलात बुडवून तटबंदी केली, वर अळीव पेरले. पाणी कुणी घालायचं यावरून दोनदा मारामारी झाली, मग त्यांनी आपापसात पाळ्या लावल्या. चार दिवस एकाही पालकानं लक्ष दिलं नाही. बुरूज थोडा कलला होता, तो तसाच राहिला.

सुट्टीनंतर फर्स्ट शिफ्टच्या एका आठवड्यात मी घड्याळ लावून मिनिटं मोजली आणि एका वहीत लिहिली. सोमवार ५५, मंगळवार ७०, बुधवार ६०, गुरुवार ४५, शुक्रवार ८०, आणि शनिवारचा ६०. सहा तास दहा मिनिटं. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ सांगितला आहे. पहिली-दुसरीला अजिबात नाही. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको, हे त्यातलं सगळ्यांना माहीत आहे. या दोन तासांचं कुणी बोलत नाही.

त्या धोरणात लहान मुलांना वर्गात काय विचारावं हेही आहे. काल संध्याकाळी काय केलंस, रात्री जेवायला काय होतं, ते कुणी रांधलं, घरात कुणी मदत केली. हे वाचून मी जरा गप्प झालो. आम्ही गंगावेशीत राहतो. दुसरीत असताना माझा मुलगा रोज संध्याकाळी किटली घेऊन म्हशीचं दूध आणायला जायचा. रस्ता ओलांडावा लागत नाही, ओळखीची माणसं. शंभराची नोट घेऊन जायचा आणि उरलेले पैसे मोजून आणायचा. एकदा दहा रुपये कमी आणले, तेव्हा त्याला परत पाठवलं. हातच्याची वजाबाकी तो तिथं शिकला असं माझं मत आहे. तिसरीत गेल्यावर आम्हीच ते काम काढून घेतलं, अभ्यास राहतो म्हणून. आता दूध मी आणतो आणि त्याचं दप्तर त्याची आई भरते. यात शाळेचा दोष नाही, आमचा आहे. पोरगं आठ वर्षांचं झालं आणि जबाबदारी सातव्या वर्षापेक्षा कमी झाली.

म्हणून आम्ही ठरवलं, दप्तर त्यानंच भरायचं, आम्ही हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी गणिताची वही राहिली. मला वाटलं, बाई त्याला दोन शब्द बोलतील, तो खजील होईल, परत विसरणार नाही. झालं काय, तर तो खेळायला गेला आणि लाल शाई आम्हाला आली.

बाईंना भेटलो. माणूस वाईट नाही. वर्गात बावन्न मुलं. मध्येच मतदार यादीचं काम, मध्येच ऑनलाइन माहिती भरायची, मग राहिलेला धडा घरी. त्या म्हणाल्या, "गृहपाठ कमी दिला तर पालकच तक्रार घेऊन येतात, अमक्या शाळेत दोन पानं देतात, तुम्ही एकच का?" हे खरं आहे. आमच्याच गल्लीत असे तिघं आहेत, आणि स्कॉलरशिपचं वेड कोल्हापूर जिल्ह्यात किती आहे हे मी तुम्हाला सांगायला नको.

शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड होता. बापाचं काम पोराला शाळेत पोचवायचं, तेवढंच. ज्या घरात कुणालाच अक्षर येत नव्हतं त्या घरातल्या पोरांसाठी ती शाळा होती. मुलाच्या वर्गात एक मुलगी आहे, तिची आई चार घरची भांडी घासते. सेमी इंग्रजीतली गणितं मलाच अडतात, त्या माउलीला काय कळणार? रात्री पावणेदहाला तिच्याकडे चवळी असेल, कार्डशीट कुठून येणार? लाल शाई तिच्या डायरीत माझ्या मुलापेक्षा जास्त आहे. सांगितलं त्यानंच, तक्रार म्हणून नाही, "ती माझ्यापेक्षा पुढं आहे" अशा सुरात.

तुमच्या खात्यानं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय काढला, मुलांची झोप होत नाही म्हणून. चांगलं केलं. सकाळी वाचलेली झोप रात्री वहीत जाते, एवढंच बघायचं राहिलं.

मागणं फार मोठं नाही. दोन तासांचा नियम साध्या मराठीत एका कागदावर लिहून प्रत्येक शाळेच्या फलकावर लावायला सांगा, म्हणजे जास्त गृहपाठ मागणाऱ्या पालकाला दाखवायला बाईंकडेही काहीतरी राहील. तक्ता, प्रतिकृती, चिकटकाम हे शाळेत, शाळेच्या वेळात, पोरांच्या हातानं होऊ दे, वाकडं झालं तरी. शाळा सुटल्यावर ग्रुपवर कामाचे मेसेज नकोत. आणि घरी जे द्यायचं ते आठ वर्षांच्या पोराला कुणाला न विचारता करता येईल एवढंच द्या. मग चुकलं तर त्याचं चुकलं. तेव्हा लाल शाई त्याला द्या, आम्ही मध्ये पडणार नाही.

सोमवारपासून तो परत दुधाला जाणार आहे. बायकोला अजून पटलेलं नाही.

आपला,
तिसरीतल्या एका मुलाचा बाप
गंगावेश, कोल्हापूर

ता. क. मिनिटं लिहिलेली वही बघायला पाहिजे असेल तर पाठवतो. फक्त परत द्या, मागची पानं त्याला पाढ्यांना लागतात.