आपल्या ड्रमचा घसा बसलाय

प्रिय मित्रा,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. कामाचा व्याप वगैरे लिहिणार होतो, पण ती थाप तू लगेच ओळखली असतीस. खरं कारण असं, की मी आपण दोघांनी बनवलेल्या स्नेअर ड्रमला चंदेरी चकचकीत रॅप, म्हणजे प्लास्टिकचं आवरण, लावला आणि तुला सांगायची हिंमत झाली नाही.

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच.

तब्येत बरी आहे. गोळ्या चालू, पाठ दुखते, ती तेव्हाही दुखायचीच.

परवा पुतण्या आला होता. पोरगा आता बरा वाजवतो, तुझ्या भाषेत ‘कान आहे त्याला’. त्याने स्टँडवरचा ड्रम पाहिला, “काका, काय भारी दिसतोय!” म्हणाला, दोन काड्या टाकल्या आणि थांबला. मग अगदी हळू विचारलं, “याचा घसा बसलाय का?” तो गेल्यावर मी स्वतः मारून पाहिलं. ढप्प. खालच्या तारा तेवढ्या कशाबशा चुरचुरल्या. त्या आवाजाला जी शेपूट होती, काडी उचलल्यावरही क्षणभर रेंगाळणारी, ती गेली.

तू विचारशील, केलंस काय नेमकं? तीन गोष्टी केल्या, आणि एकदमच केल्या. (एका वेळी एकच बदल, हे मला माहीत आहे. तू मला ते किमान शंभरदा ऐकवलं आहेस.) रॅप लावला. हेड, म्हणजे वाजवायचा पडदा, दाबून धरणारे पत्र्याचे हूप काढून ओतीव, जड हूप बसवले. तिसरी गोष्ट खाली सांगतो.

रॅपबद्दल माझी बाजू ऐकून घे. अक्रोडाच्या लाकडावर चंदेरी प्लास्टिक म्हणजे तुझ्या लेखी पाप, तो वाद आपण तेव्हाच घातलाय. तू तेल घासत बसलास आणि मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नाही. पण ९ फेब्रुवारी १९६४ ला अमेरिकेच्या टीव्हीवर बीटल्सच्या रिंगोचा तो काळ्या-करड्या लाटांचा लुडविग ड्रमसेट कोट्यवधी लोकांनी पाहिला, तोही रॅपच होता ना? त्याच्या आवाजाबद्दल कुणी तक्रार केली? शिवाय आपल्या शेलची, म्हणजे ड्रमच्या लाकडी पिंपाची, भिंत जवळजवळ १२ मिलिमीटर जाड आहे. तीन थरांच्या पातळ शेलला वजन जाणवेल, तो थरथरतो, त्याचा तो स्वभावच आहे. आपला उभे ठोकळे जोडून केलेला शेल मुळात फारसा हलतच नाही, तो नुसता ताठ उभा राहतो आणि बोलायचं काम हेडवर सोडतो. त्याला अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिकचं काय ओझं?

ओझं नव्हतंच. घोळ मापात होता. रिंगोचा शेल कारखान्यातून निघतानाच रॅप धरून मापाला बसवलेला असणार. आपला शेल आपण उघड्या लाकडाच्या हिशोबाने केला होता. सगळीकडून अर्धा मिलिमीटर वाढला म्हणजे व्यास एक मिलिमीटरने वाढला, आणि जोडावर दोन थर आले तिथे आणखी. हेडची कडी शेलभोवती मोकळी तरंगायला हवी, ती घासत खाली गेली. मी चावी फिरवतोय, बोल्ट ताणला जातोय, पण हेड ताणलंच जात नाही, कडी रॅपवर अडकलेली. एका लगपाशी, म्हणजे बोल्ट बसतो तिथे, सूर चढतो, समोरच्या लगपाशी ढिम्म.

मग ब्लेडने वरच्या कडेपासून बोटभर रॅप कापून काढला. हेड बसलं, सूर लागला. आवाज तरी ढप्पच.

ओतीव हूप काढून जुने लावले. ओतीव हूप ताठ, ते हेडला इकडेतिकडे गुणगुणू देत नाहीत, रिमशॉट (हेड आणि हूपवर एकदम मारलेला फटका) मात्र कानफाटीत मारल्यासारखा देतात. जुने लावल्यावर थोडी खणखण परतली. थोडीच.

उरली तिसरी गोष्ट. मी कड घासली. वरची.

हो, तुझी कड. दोन रात्री जागून तू काढलेली ती ४५ अंशांची धार. मला वाटलं, जुन्या ड्रमसारखा उबदार, गोलसर आवाज हवा. कड गोल केली की हेड लाकडाला जास्त टेकतं, खणखण लवकर विझते, आवाज जाडसर होतो. ते खोटं नाही. पण लोक ती यंत्रावर एकसारखी गोल करतात. मी सँडपेपर घेऊन, गाणी ऐकत, हाताने. खरं सांगू? त्या ड्रममध्ये कानाला लागणारं जे काही होतं ते सगळं तुझं होतं. ठोकळे मी कापले, पण ते कुणाला ऐकू येत नाहीत. मलाही त्यात एकदा हात घालायचा होता.

काल रात्री टेबलावरच्या काचेवर शेल पालथा ठेवला, आत टॉर्च लावला आणि खोलीतला दिवा बंद केला. तू कड अशीच तपासायचास, तेव्हा एक रेष दिसायची नाही. काल तिसऱ्या आणि चौथ्या लगच्या मध्ये उजेडाची कोर दिसली, नखाएवढी. समोरच्या बाजूला दुसरी, तिच्याहून लांब. कागदाची पट्टी सरकवली तर आरपार आत गेली. वरून आत डोकावून पाहिलं तर तुझे पेन्सिलचे आकडे दिसले, १ ते २०, त्यात १३ दोनदा आणि १४ नाहीच. आठवतं? माझा कोन चुकला होता. मी म्हटलं, एका ठोकळ्यामागे एक अंश म्हणजे काहीच नाही. तू म्हणालास, वीस ठोकळ्यांचे वीस अंश होतात, त्या फटीतून तुझं डोकं आत जाईल. मग सगळे नव्याने कापले, प्रत्येक बाजूला बरोबर ९ अंश.

तुझा तबला बरा, असं तू म्हणशीलच. रामन यांनी १९२० साली दाखवून दिलं की शाईमुळे तबल्या-मृदंगाचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत बसतात, आणि माझ्या साध्या हेडचा दुसरा स्वर १.५९ पटीवर लटकतो, कशातच बसत नाही. मान्य. गेली कित्येक वर्षं मान्य आहे. पण तो बेसूर कल्लाच मला आवडतो रे, आणि आता तोही गेला.

नवं घर कसं आहे? धाकटीची परीक्षा झाली का? वहिनींना सांग, गुडघ्याचा व्यायाम सोडू नका. सविस्तर लिही, मी खरंच उत्तर देईन.

तर प्रश्न असा. रॅप गरम करून निघेल, हूप म्हणजे नुसते बोल्ट. घासलेलं लाकूड परत येत नाही. वरून दोन मिलिमीटर उतरवून नवी धार काढता येईल, साडेसहा इंचांत दोन मिलिमीटर कुणालाही कळणार नाहीत. खालच्या कडेला मी बोटही लावलेलं नाही. तारांसाठी तू कानशीने काढलेले ते दोन उथळ उतार जसेच्या तसे आहेत, शप्पथ. लाकडाला धार काढायचं राउटर यंत्र माझ्याकडे आहे, तुझा हात नाही. तू येतोस, की मी शेल घेऊन तिकडे येऊ? तुझं उत्तर येईपर्यंत तो कपाटावर ठेवलाय, पुतण्यालाही बजावलंय.

खालच्या भागावर रॅप अजून आहे. तो ठेवायचा की काढायचा ते तू बघून ठरव. दिसतो छान, खोटं कशाला बोलू.

तुझा,
अर्धा मालक